रूपरेषेतला परिकल्पनेचा रकाना

पीएचडीच्या रूपरेषेत माझा सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो परिकल्पनेच्या रकान्याने. परिकल्पना म्हणजे पुराव्यावर तपासून बघायचं विधान. विषय बडोदे संस्थानातल्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा. 1893 मध्ये अमरेली भागात प्रयोग, 1906 मध्ये संस्थानभर सक्ती. उद्दिष्टं, व्याप्ती, साधनं भराभर लिहून झाली. परिकल्पनेसाठी दांडिया बाजारातल्या काकांनी एका दमात वाक्य दिलं, "सयाजीराव महाराजांचं धोरण दूरदृष्टीचं होतं, लिही!"

बाईंनी, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांनी, त्याखाली पेन्सिलने रेघ मारली. "अगं, हे खोटं असेल तर ते तुला कुठल्या कागदावरून कळणार?" कुठल्याच नाही. आणि बडोद्याच्या मराठी घरात ते खोटं म्हणायची छाती कुणाची आहे!

मग लिहिलं, "1901 ते 1911 या काळात मुलींच्या साक्षरतेतली वाढ खेड्यांपेक्षा शहरांत जास्त झाली." हे आकड्यांवर खोटं पडू शकतं, म्हणून ही परिकल्पना. "जनगणनेतलं साक्षरतेचं माप दोन्ही वेळा एकच होतं" हे मात्र मी गृहीतकांत टाकलं होतं, कारण ते तपासायचं नव्हतं, त्यावर उभं राहायचं होतं. हंसा मेहता ग्रंथालयात जुने अहवाल चाळताना तेच ढासळलं. 1911 मध्ये मित्राला पत्र लिहिता आणि त्याचं उत्तर वाचता आलं तरच माणूस साक्षर धरायचा, अशी सूचना होती. 1901 मध्ये नुसतं लिहिता-वाचता येणं पुरे होतं. ते वाक्य गृहीतकांतून उचलून मर्यादांत गेलं. परिकल्पना तगली, कारण बदललेलं माप शहर आणि खेडं दोघांनाही सारखंच लागू होतं.

समितीतल्या संख्याशास्त्राच्या सरांना शून्य परिकल्पना हवी होती, म्हणजे शहर-खेड्यांत फरक नाही असं मांडून ते फेटाळता येतं का ते बघायचं. बाई म्हणाल्या, "सर, जनगणना म्हणजे नमुना नव्हे, सगळ्यांची मोजणी आहे. नमुन्यात दिसलेला फरक निव्वळ योगायोगाचा नाही ना, हे बघणारी सार्थकता चाचणी इथे कशाची लावायची?" सरांनी मान्य केलं, पण "परिकल्पना सिद्ध करणे" हे माझं उद्दिष्ट खोडून "तपासणे" केलं. ते पटलं. शून्य परिकल्पना हा शब्द रूढ करणाऱ्या संख्याशास्त्रज्ञ फिशरनेही 1935 मध्ये बजावलं होतं की ती कधीच सिद्ध होत नाही, फार तर खोटी ठरते.

शेवटी दोन परिकल्पना मंजूर झाल्या. शाळेतल्या गळतीबद्दलची तिसरी, हजेरीपत्रकं हाती लागेपर्यंत, संशोधन-प्रश्न म्हणूनच ठेवायला सांगितली आहे.