उंबर शेजाऱ्यांचं, फांद्या आमच्या गच्चीवर, फाईल साहेबांकडे

‘अर्जदार वृक्षाचे मालक नसल्याने प्रकरण विचारात घेता येत नाही.’ फांद्या कमी करायच्या परवानगीसाठी केलेल्या माझ्या अर्जाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलेला हा शेरा मला अजून पाठ आहे. पेन्सिलीनं अशासाठी, की उद्या कुणी जाब विचारलाच तर खोडता यावा.

झाड उंबराचं, शेजारच्या अण्णांच्या परसातलं. पण निम्मा पसारा आमच्या गच्चीवर आणि पत्र्याच्या शेडवर. ज्यांच्या दारात उंबर नाही त्यांना वाटतं पानं पडत असतील, झाडून टाकायची. पानांचं काहीच नाही हो. फळं वर्षातून अनेकदा येतात, थेट खोडाला आणि जाड फांद्यांना घोसानं लगडतात. पिकली की पत्र्यावर पडून फुटतात, आतले किडे बाहेर येतात आणि चिलटांचा थवा जमतो. रात्री वटवाघळं अर्धवट खाल्लेलं वाळत घातलेल्या चादरींवर टाकून जातात. दिवसा तांबट, कोकीळ, कधी धनेशाची जोडी यायची. ते मात्र आवडायचं, खोटं कशाला बोलू. पण पावसाच्या तोंडावर पन्हाळी तुंबून पाणी भिंतीत मुरायला लागलं, तेव्हा पक्षीप्रेम आटलं.

अण्णांशी वाद नव्हता. दर गुरुवारी ते झाडाखाली दिवा लावतात, दत्तजयंतीला प्रसाद वाटतात. म्हणाले, “ताई, झाड माझं कुठंय, महाराजांचं आहे. औदुंबराला हत्यार लावायच्या कागदावर मी सही करणार नाही. तुम्ही परवानगी आणलीत तर आडवाही येणार नाही.” मला तेवढं पुरेसं होतं. ऑफिसला नव्हतं.

(आपल्या हद्दीत आलेली फांदी आपणच तोडायला काय हरकत, असं सगळे सांगतात. शहरी भागातल्या झाडांसाठी 1975 चा वृक्ष संरक्षण कायदा आहे आणि त्यात ‘झाड तोडणे’ या व्याख्येत जाळणं, कापणं, कोणत्याही प्रकारे इजा करणं, सगळं धरलंय. शिक्षेत दंडाबरोबर कैदही आहे. कोयता आधी खाली ठेवा.)

तर महापालिकेचं क्षेत्रीय कार्यालय, उद्यान विभाग. आधी म्हणाले, मालकाचं संमतीपत्र आणा. मालक सही करत नाहीत म्हटल्यावर म्हणाले, मालक कोण ते तरी दाखवा, प्रॉपर्टी कार्ड आणा. ते आणलं तर त्यावर अजून अण्णांच्या कैलासवासी वडिलांचं नाव! मग वारस किती? भाऊ, बहिणी, एक बहीण बेळगावला. “सगळ्या सहधारकांची संमती लागेल.” म्हणजे माझ्या पन्हाळीत अडकलेल्या उंबरांसाठी मी बेळगावच्या आत्याबाईंची सही आणायची.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं. टेबलवरच्या भाऊसाहेबांनी अण्णांना फोन लावून झाडाचं वय विचारलं. अण्णा अभिमानानं म्हणाले, “साठ-सत्तर वर्षं सहज!” भाऊसाहेबांनी फाईल मिटली. 2021 च्या दुरुस्तीनंतर पन्नास किंवा त्याहून जास्त वर्षांचं झाड हेरिटेज ठरतं, आणि तोडलं तर झाडाच्या वयाइतकी झाडं लावायची. “लावणार का साठ झाडं?” त्यांनी हसत विचारलं. मला पाडायचं नव्हतंच! तीन-चार फांद्या कमी करायच्या होत्या. हे मी किती वेळा सांगितलं असेल याला हिशेब नाही. उत्तर ठरलेलं: साहेब साइटवर गेलेत.

चिडून घरी आले आणि कायदाच काढून वाचला. आठव्या कलमात अर्ज कुणी करायचा? ‘कोणतीही व्यक्ती’. मालक असायला हवा असं तिथे नाही. अर्जासोबत झाडाचं वर्णन, झाड कुठे आहे ते दाखवणारा नकाशा आणि कारण. बस्स.

जुना अर्ज सोडून नवा लिहिला. विषयात ‘वृक्ष तोडणे’ हे शब्द येऊच दिले नाहीत. ‘धोकादायक फांद्यांची छाटणी’ असं लिहिलं. शेडवर टेकलेल्या फांदीचे फोटो आणि हातानं काढलेला नकाशा जोडला. आवक विभागात दिला, माझ्या प्रतीवर शिक्का आणि क्रमांक घेतला. टेबलवर परत संमतीपत्राचा विषय निघाला तेव्हा शांतपणे म्हटलं, “जे कागद लागतात ते कोणत्या नियमानं, एवढं मला लेखी द्या.” लेखी काही आलं नाही. उद्यान निरीक्षक मात्र आले, मान वर करून झाड न्याहाळलं आणि आमच्या बाजूच्या फांद्यांना चुन्याची खूण करून गेले. छाटणीची परवानगी हातात पडली. वयाचा प्रश्न परत कुणी काढला नाही, मीही नाही.

मजुरी आमचीच. गुरुवार टाळला, अण्णांनी आधी नारळ ठेवला आणि बारीक डहाळ्या समिधांसाठी नेल्या. झाडवाल्यांना एक नक्की सांगा: जाड फांदीला आधी खालून काप, मग थोडं पुढे वरून. नाहीतर फांदी स्वतःच्या वजनानं तुटताना खोडाची साल ओरबाडत खाली येते. अंगावर जुना शर्ट हवा, चिकाचे डाग जात नाहीत. आणि ढोलीत तांबटाचं घरटं आहे का ते आधी बघा, आम्ही त्यासाठी एक फांदी ठेवली.

हो, राहिलंच. परवानगीची प्रत कपाटात नको, खिशात ठेवा. काम सुरू होऊन अर्धा तास झाला नसेल, एक गृहस्थ स्कूटर थांबवून व्हिडिओ काढायला लागले, “औदुंबर तोडताय?” मी कागद समोर धरला. त्यांनी तारखेसकट सगळा वाचला, मग हळूच विचारलं, “आमच्या शेजारी शेवगा आहे, सुरवंट फार होतात. अर्ज कुठे केलात?”