तुम्ही विचारलेत म्हणून : युद्ध संपल्यावर त्या घरी का गेल्या नाहीत?

लॅटव्हियाच्या माजी राष्ट्राध्यक्ष वाइरा वीके-फ्रायबर्गा यांच्या आयुष्याविषयी मी बोलते, तेव्हा एक प्रश्न हमखास येतो. सात वर्षांची मुलगी आई आणि सावत्र वडिलांबरोबर देश सोडून जर्मनीला पळाली हे पटते. पण मे १९४५ मध्ये युद्ध संपले, तेव्हा हे कुटुंब आपल्या घरी का परतले नाही? कोल्हापूरकडे हा प्रश्न जास्त आस्थेने विचारला जातो, कारण जवळच वळिवड्याला १९४३ पासून १९४८ पर्यंत सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले होते आणि त्यांच्यापैकीही अनेकांना पूर्वीचे घर पुन्हा मिळाले नाही.

युद्ध संपले तेव्हा लॅटव्हिया हे स्वतंत्र राज्यच उरले नव्हते. जून १९४० मध्ये सोव्हिएत सैन्याने ते गिळंकृत केले आणि १४ जून १९४१ रोजी सुमारे १५,००० लोकांना, लेकुरवाळ्या बायका आणि म्हाताऱ्यांसकट, मालगाडीच्या डब्यांत कोंबून सोव्हिएत संघाच्या दूरच्या भागांत, मुख्यतः सायबेरियाला, रवाना केले. मग जर्मन आले. त्यांनी स्थानिक हस्तकांना हाताशी धरून जवळजवळ ७०,००० ज्यूंची हत्या केली. १९४४ मध्ये सोव्हिएत संघाची लाल सेना पुन्हा जवळ आली तेव्हा किनाऱ्याकडे धावलेल्या लोकांमध्ये जर्मनांची चाकरी केलेलेही होते, आणि ही गोष्ट वगळून या निर्वासितांची कहाणी सांगणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. परंतु बहुतेक कुटुंबांनी घर सोडले ते १९४१ च्या जूनमध्ये शेजारच्या घरांचे काय झाले हे पाहिले होते म्हणून.

वाइरा यांचे कुटुंब १९४५ च्या आरंभी जहाजाने जर्मनीत पोहोचले आणि पुढे ल्युबेक येथील निर्वासितांच्या छावणीत राहिले. त्या कडाक्याच्या थंडीत त्यांची धाकटी बहीण, दहा महिन्यांची मारा, न्यूमोनियाने गेली. काही काळाने आईला मुलगा झाला. त्या वेळी त्याच खोलीत एक अठरा वर्षांची बाळंतीण होती. सैनिकांनी तिच्यावर सामूहिक बलात्कार केला होता. परिचारिका बाळ जवळ आणत, तेव्हा ती भिंतीकडे तोंड फिरवून रडे. त्या नकोशा मुलीचे नाव परिचारिकांनी मारा ठेवले. आपली मारा गेली आणि ही मारा कोणालाच नको आहे, हे त्या वयात पाहिलेले वाइरा यांनी उतारवयातही सांगितले आहे. मला त्यांच्या राष्ट्राध्यक्षपदापेक्षा हा प्रसंग अधिक महत्त्वाचा वाटतो.

जर्मनीत तेव्हा लाखाहून अधिक लॅटव्हियन होते. त्यांना परत पाठवावे असा सोव्हिएत संघाचा आग्रह होता. ब्रिटन आणि अमेरिका यांनी लॅटव्हिया आणि त्याच्या शेजारच्या बाल्टिक देशांच्या सोव्हिएत संघातील विलीनीकरणाला मान्यता दिलेली नसल्यामुळे, सामान्य बाल्टिक निर्वासितांवर परतण्याची सक्ती त्यांनी केली नाही. परतणाऱ्याकडे संशयाने पाहिले जाई, आणि ही भीती अनाठायी नव्हती : मार्च १९४९ मध्ये लॅटव्हियातून आणखी सुमारे ४२,००० माणसे हद्दपार झाली. त्याच वर्षी वाइरा यांचे कुटुंब फ्रेंच मोरोक्कोला गेले. तेथे मुलगी फ्रेंच शिकली. १९५४ मध्ये ही मंडळी टोरांटोला आली. सोळा वर्षांची वाइरा दिवसा बँकेत नोकरी करी आणि रात्रशाळेत शिके.

पुढे त्या मानसशास्त्रज्ञ झाल्या आणि १९६५ ते १९९८ अशी तेहेतीस वर्षे मॉन्ट्रियल विद्यापीठात शिकवत राहिल्या. पण त्यांचे मन गुंतले ते 'दाइना' या लॅटव्हियन लोकगीतांत. बहुधा चारच ओळींची ही गीते, आपल्या जात्यावरच्या ओव्यांसारखी, पुष्कळशी बायकांच्या तोंडी राहिलेली आहेत आणि क्रिश्यानिस बारोन्स यांच्या संग्रहात ती दोन लाखांहून अधिक आहेत. यांतील सूर्यगीतांचा अभ्यास वाइरा यांनी पती इमांत्स यांच्या साथीने संगणक वापरून केला, तेही निर्वासितच. मायदेशी पाऊल ठेवणे दुरापास्त असताना तेथील गीतांवर अशी चिकाटीने मेहनत करणे, हे मला परतण्याइतकेच मोठे काम वाटते.

१९९१ मध्ये लॅटव्हिया पुन्हा स्वतंत्र झाला. १९९८ मध्ये त्या रीगाला परतल्या, पुढच्याच वर्षी कॅनडाचे नागरिकत्व सोडून राष्ट्राध्यक्ष झाल्या आणि २००७ पर्यंत त्या पदावर होत्या. म्हणजे तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे, की त्या घरी गेल्या, पण पन्नासहून अधिक वर्षांनी. टोरांटो, मेलबर्न किंवा न्यूयॉर्कमध्ये स्थिरावलेल्या बहुतेक लॅटव्हियनांच्या बाबतीत मात्र तेही घडले नाही. १९९१ पर्यंत ते म्हातारे झाले होते, मुलेबाळे आणि नातवंडे तेथेच रुजली होती, आणि कित्येकांचे आईवडील परदेशातल्या दफनभूमीत होते.