इंटरनॅशनल बिझनेस कम्युनिकेशनचा पेपर आणि शिरोलीची फौंड्री : माझा अनुभव

एमबीएला इंटरनॅशनल बिझनेस घेतलं तेव्हा त्यात कम्युनिकेशनचा वेगळा पेपर आहे म्हटल्यावर वर्गात सगळ्यांना वाटलं हा तर आरामात निघणार, इंग्लिश बऱ्यापैकी आलं की झालं. कॉन्व्हेंटवाले निवांत आणि आम्ही मराठी मीडियमवाले टेन्शनमध्ये. पहिल्या इंटर्नलचे मार्क लागले आणि बऱ्याच जणांची तोंडं बघण्यासारखी झाली, कारण मॅडमनी भारी भारी शब्दांना मार्कच दिले नव्हते. मेल वाचून समोरच्या माणसाला आता नक्की काय करायचंय ते कळतंय का, एवढंच त्या बघत होत्या.

घरी वेगळंच. पप्पांचं कोल्हापुरात उद्यमनगरात छोटं मशीन शॉप आहे, त्यांचं म्हणणं, "माल चांगला असला की गिऱ्हाईक येतंयच, पत्रं लिवून कोण मोठं झालंय?" मी वाद घातला नाही, फी तेच भरत होते.

सुरुवातीला थिअरी. एडवर्ड हॉल नावाचा अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ, त्याचं हाय-कॉन्टेक्स्ट लो-कॉन्टेक्स्ट, म्हणजे काही समाजांत अर्धं न बोलता समजून घ्यायचं असतं आणि काही ठिकाणी जे लिहिलंय तेवढंच खरं धरतात. जपान, भारत पहिल्यात, जर्मनी दुसऱ्यात. मग हॉफस्टेड नावाचा डच अभ्यासक, त्यानं १९६७ ते १९७३ च्या दरम्यान आयबीएमच्या वेगवेगळ्या देशांतल्या कर्मचाऱ्यांचे सर्व्हे घेऊन देशांना आकडे दिले. पॉवर डिस्टन्समध्ये, म्हणजे वरच्या-खालच्यातलं अंतर लोक किती मान्य करतात त्यात, भारत ७७, जर्मनी ३५. परीक्षेत हे आकडे लिहा, मार्क मिळतात. पण माझं स्पष्ट मत, ह्यावर फार विसंबू नये. एकाच कंपनीतली माणसं, तीही तेव्हाची, त्यावरून पूर्ण देश कसा ठरवणार? कोल्हापूरचा माणूस आणि पुण्याचा माणूस एकाच ७७ मध्ये बसतात का सांगा.

ग्रुप असाइनमेंटला आम्ही चपलांचा विषय घेतला. २०२५ च्या जूनमध्ये प्राडाच्या मिलानच्या शोमध्ये आपल्या कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या आणि सुरुवातीला कोल्हापूरचं नावच नाही, तो सगळा राडा आठवत असेल. सगळ्यांना पीपीटीत राग काढायचा होता. मॅडम म्हणाल्या पीपीटी नको, कारागिरांच्या बाजूनं त्या कंपनीला एक पानाचं पत्र लिहून आणा, असं की त्यांच्या वकिलाला उत्तर द्यावंच लागेल. आमच्या पहिल्या ड्राफ्टमध्ये शिव्या तेवढ्या नव्हत्या, बाकी सगळं होतं. मग हळूहळू विशेषणं काढत गेलो आणि शेवटी जे उरलं त्यात जोर आला. २०१९ ला कोल्हापुरी चपलेला जीआय (ठराविक भागातल्या मालालाच ते नाव वापरायचा हक्क) मिळाला, तो महाराष्ट्र आणि कर्नाटक दोघांचा मिळून आहे, आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि तिकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे. आणि खाली आमची मागणी काय ती एका वाक्यात. (कर्नाटकचं नाव घालायचं का यावर ग्रुपमध्ये भांडण झालं ते वेगळं. घातलं शेवटी, खरं आहे ते खरं आहे.) नंतर कंपनीनं प्रेरणा भारतीय चपलांची आहे हे मान्य केलंच, अर्थात आमच्या पत्रामुळं नाही, ते वर्गाच्या बाहेर गेलंच नव्हतं.

खरा अभ्यास मात्र इंटर्नशिपमध्ये झाला. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीच्या एक्स्पोर्ट सेक्शनला बसले, तिथलं कास्टिंग (धातू वितळवून ओतलेले भाग) जर्मनीला जातं. तिथं पहिल्याच आठवड्यात कळलं की संस्कृती बिंस्कृती नंतर, आधी आकडे. जर्मन माणूस १.५०० किलो लिहितो तेव्हा ते दीड किलो नसतं, दीड हजार किलो असतं, त्यांच्याकडं टिंब हजाराला आणि स्वल्पविराम दशांशाला. आपण १,५०,००० लिहितो ते बघून त्यांना वाटतं एक शून्य कुठंतरी पडलंय. तारीख ०३/०४ लिहिली तर अमेरिकन गिऱ्हाईक ४ मार्च वाचतो, म्हणून महिना नेहमी अक्षरात. वेळेचंही तसंच, जर्मनी उन्हाळ्यात आपल्या साडेतीन तास मागं आणि हिवाळ्यात साडेचार, त्यामुळं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारनंतर मीटिंगची वेळ परत विचारून घ्यायची. हे एकेक वाक्याचं ज्ञान आहे पण पुस्तकात शेवटच्या पानावर असतंय.

एकदा फर्नेस बंद पडली आणि डिस्पॅच लांबणार हे नक्की झालं. ऑफिसमधली पद्धत अशी की फर्नेस चालू होऊ दे, मग गोड बातमीसकट कळवू, तोवर गप्प. तिकडून दोनदा विचारणा आली. मी साहेबांना म्हटलं, सर मी लिहू का? पहिल्या ओळीत नवी तारीख, दुसऱ्या ओळीत कारण, मग अर्धा माल आधी पाठवता येईल का हा प्रश्न, बस्स. माफीचा पॅराग्राफ नाही, आपले जुने संबंध नाही. साहेबांना ते लई कोरडं वाटलं पण पाठवलं. उत्तर आलं एका ओळीचं, मिळालं, अर्धा माल चालेल. सगळे म्हणाले गिऱ्हाईक भडकलंय. अजिबात भडकलं नव्हतं, पुढची ऑर्डर वेळेत आली. हॉलला मी तेव्हा थोडं मानलं.

दुसरी डोकेदुखी एलसी, म्हणजे लेटर ऑफ क्रेडिट, कागद बरोबर असले की पैसे देऊ अशी गिऱ्हाईकाच्या बँकेची हमी. बँक माल बघतच नाही, फक्त कागद बघते, हे वर्गात ऐकलेलं पण टेबलावर बसल्यावर घाम फुटतो. बँकांचे नियम यूसीपी ६०० चे, २००७ पासूनचे, कागद तपासायला जास्तीत जास्त पाच बँकिंग दिवस. इन्व्हॉइसमध्ये मालाचं वर्णन एलसीत आहे तसंच पाहिजे, तिथं आपली सर्जनशीलता दाखवायची नाही. इन्कोटर्म्सचं, म्हणजे खर्च आणि धोका कुठपर्यंत कुणाचा ते सांगणाऱ्या तीन अक्षरी अटींचं, पण असंच. बहुतेक कोटेशनवर सवयीनं एफओबी (माल जहाजावर चढेपर्यंत धोका विकणाऱ्याचा) न्हावा शेवा लिहिलेलं असतं, पण कंटेनरमधून माल जाणार असेल तर ह्या अटी काढणारी आयसीसी (इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्स) स्वतःच एफसीए (वाहतूकदाराच्या ताब्यात माल दिला की विकणाऱ्याचा धोका संपला) वापरा म्हणते, कारण कंटेनर यार्डात दिल्यापासून जहाजावर चढेपर्यंतचा धोका एफओबीत उगाच आपल्या गळ्यात राहतो. हे मी प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये लिहिलं, साहेब म्हणाले बरोबर आहे पण गिऱ्हाईकाला आता कोण समजावणार.

व्हायवाला एक्स्टर्नलनी नेमकी सीआयएफ ही अट विचारली. भाडं आणि विमा विकणारा भरतो, मग धोका कुठपर्यंत विकणाऱ्याचा? बहुतेक मुलं पोहोचण्याचं बंदर सांगतात. तसं नाही, माल आपल्याकडच्या बंदरात जहाजावर चढला की धोका घेणाऱ्याकडं गेला, विमा आपण काढला तरी. मग त्यांनी हॉफस्टेडचे आकडे विचारले, मी सांगितले आणि माझं मतही सांगितलं, ते हसले, मार्क बरे मिळाले.

आता त्याच फौंड्रीत डॉक्युमेंटेशनला आहे. पप्पांनी मागच्या महिन्यात त्यांच्या एका पार्टीचं पेमेंट अडकलंय म्हणून मला मेल लिहायला सांगितला. लिहून दिला, चार ओळींचा. त्यांनी वाचला आणि म्हणाले, "एवढंच? अजून जरा टाईट कर की." केला नाही, तसाच पाठवला. पैसे अजून यायचेत, बघू.