उलटी भरलेली रोहिणी

बाबांच्या अँजिओग्राफीची सीडी आमच्या घरी अजून आहे आणि तिच्यातला काही सेकंदांचा एक तुकडा मी कितीदा पाहिला असेल, याची मोजदाद नाही. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या उजव्या रोहिणीत डाय, म्हणजे क्ष-किरणांत दिसणारे द्रव्य, सोडला जातो, ती काळी उमटते आणि दोन-तीन ठोक्यांनंतर केसासारख्या बारीक, स्प्रिंगसारख्या वळणावळणाच्या वाटांनी तो डाय हृदयाच्या मधल्या पडद्यातून पलीकडे जाऊन डावीकडची पुढची रोहिणी, म्हणजे एलएडी, खालून वर भरत नेतो. ती रोहिणी उगमाजवळच शंभर टक्के बंद होती. "हृदयाची पुढची भिंत वाचली असेल, तर ती या मागच्या दारामुळे," असे डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवून मला सांगितले.

आदल्या रात्री नऊला छातीत दुखू लागले, तेव्हा बाबांनी ते पित्त ठरवले, आणि आम्ही रुग्णालयात पोचलो ते दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास. चौदा तास हा काळ फार मोठा आहे. रोहिणी बंद पडल्यावर स्नायू एकदम मरत नाही, तर आतल्या थरापासून बाहेरच्या थराकडे मृत्यू लाटेसारखा सरकत जातो, हे रायमर आणि जेनिंग्ज यांनी १९७७ मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांतून दाखवले होते. त्या लाटेचा वेग बऱ्याच अंशी पर्यायी रक्तवाहिन्यांवर, म्हणजे कोलॅटरलवर ठरतो. डुकराच्या हृदयात त्या जवळजवळ नसतात, त्यामुळे भिंत लवकर जाते. उलट गिनीपिगमध्ये त्या इतक्या भरपूर असतात की रोहिणी बांधली तरी स्नायू सहसा मरत नाही. माणूस या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे, आणि माणसामाणसांतही मोठा फरक आहे.

हे जोड बहुतांशी नव्याने उगवत नाहीत, ते आधीपासूनच असतात. रिचर्ड लोअर या इंग्लिश वैद्यांनी १६६९ मध्येच त्यांची नोंद केली होती, तरीही पुढे दोन शतकांनी हृदयाच्या रोहिण्या एकमेकींशी जोडलेल्या नसतात, असेच मानले जाऊ लागले. मुख्य रोहिणी हळूहळू अरुंद होते, तिच्या पुढचा दाब घटतो, जोडांतून वाहणाऱ्या रक्ताचे घर्षण भिंतींवर वाढते आणि हे जोड आठवड्यांगणिक रुंद व जाड होत जातात. व्यास थोडा वाढला तरी प्रवाह पुष्कळ वाढतो, कारण तो त्रिज्येच्या चौथ्या घाताने बदलतो.

म्हणजे बाबांच्या या वाटा त्या रात्रीच्या नव्हेत. दोन वर्षे ते आमच्या जिन्याच्या मधल्या वळणावर थांबून चपलेचा अंगठा नीट करीत असत. ती चप्पल एकदाही तुटलेली नव्हती, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले. जे दुखणे त्यांनी लपवले त्यानेच ही वाट रुंद केली, हे मान्य करताना मला अजूनही राग येतो.

नातेवाइकांनी मात्र यातून भलताच अर्थ काढला. शरीराने स्वतःच बायपास केला, आता स्टेंट कशाला, असा सूर निघाला, आणि काढ्यांचे संदेशही आले. कोलॅटरलचा पुरवठा स्नायूला जिवंत ठेवण्यापुरता असतो, पूर्ण ताकदीने काम करण्यापुरता क्वचितच. बाबांचा इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे दर ठोक्याला हृदयाचा डावा कप्पा आपल्यातले जेवढे रक्त बाहेर ढकलतो त्याचे प्रमाण, तेव्हा ३५ टक्के होता. पुढची भिंत जवळपास हलत नव्हती, पण न हलणारा प्रत्येक स्नायू मेलेला नसतो. रक्त परत मिळूनही काही दिवस सुस्त राहणाऱ्या स्नायूला ब्राउनवाल्ड आणि क्लोनर या हृदयतज्ज्ञांनी १९८२ मध्ये 'स्टन्ड' (सुन्न झालेला) म्हटले, आणि कमी रक्तावर काम आवरून तग धरणाऱ्याला रहिमतुला यांनी 'हायबर्नेटिंग' (शीतनिद्रेतला). दोन्ही सावरू शकतात. व्रण झालेला भाग मात्र सावरत नाही. छातीत दुखणे सुरूच असल्याने डॉक्टरांनी त्याच बैठकीत रोहिणी उघडली. तीन महिन्यांनंतरच्या इकोमध्ये आकडा ४८ आला. हृदयाच्या टोकाचा एक भाग तेवढा पातळ आणि निश्चल राहिला.

सीडीच्या शेवटी, स्टेंट बसवल्यावर, उजव्या रोहिणीत पुन्हा डाय सोडलेला दिसतो. या वेळी ती एकटीच काळी उमटते. पलीकडचा दाब वाढल्याने मधल्या पडद्यातल्या त्या वळणदार वाटांत काहीच शिरत नाही.