बाजेवरून

केमोच्या चौथ्या सायकलचा आज दहावा दिवस. पांढऱ्या पेशी साधारण याच सुमाराला सर्वात खाली जातात, म्हणून संसर्गाच्या भीतीने रविवार असूनही उपासनेला जायला मनाई. चर्चच्या आजारी-भेट गटात मी बरीच वर्षं होते, त्यामुळे दुसऱ्याच्या उशाशी बसून काय बोलायचं ते तोंडपाठ. उशीवर डोकं ठेवून ते ऐकायची मात्र सवय नव्हती!

दुपारी दोघी जणी आल्या. हात धुऊन, मास्क लावून, लांब बसल्या. एकीने न विचारता कपड्यांच्या घड्या घालायला घेतल्या. मला इतकं ओशाळं वाटलं की दोनदा "राहू दे गं" म्हणाले. तिने ऐकलं नाही. दुसरीने बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातलं 5:14 वाचलं. मंडळीच्या वडिलांना, म्हणजे चर्चच्या ज्येष्ठांना, बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी. बोलावणं आजाऱ्याने धाडायचं आहे, हे इतक्यांदा वाचूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी तर महिनाभर सगळ्यांना "मी ठीक आहे" सांगत होते.

बायबलमधल्या मार्कच्या दुसऱ्या अध्यायातले ते चौघे, छप्पर उघडून पक्षघाती माणसाला येशूपुढे सोडणारे, मला नेहमीच आवडायचे. बाजेवरच्या माणसाचा विचार आज पहिल्यांदा केला. सगळ्या गर्दीदेखत खाली येताना किती अवघडला असेल बिचारा!

(आणि "विश्वास असेल तर बरी होशील" म्हणणाऱ्यांनो, कृपा करून नको. औषध आणि प्रार्थना, दोन्ही चालू आहे.)

पाचव्या सायकलला गाडी लागेल. येत्या नाही, त्याच्या पुढच्या शुक्रवारी, सकाळी 8 ला. कोणाला जमेल? विचारतेय.