नाताळातली बेताची भुतं

नाताळात मला पडद्यावर भूत लागतं, पण बेताचं. रक्त नको, किंचाळ्या तर नकोच. म्हणून दरवर्षी बीबीसीचा १९७६ चा ‘द सिग्नलमन’ हा टीव्हीपट लावते. डिकन्सची गोष्ट, जेमतेम चाळीस मिनिटांची. बोगद्याच्या तोंडाशी लाल दिवा, आणि फक्त त्या सिग्नलवाल्यालाच ऐकू येणारी घंटा. सिग्नलवाला झालेल्या डेनहोम इलियटचे डोळे घंटेकडे वळले की माझा चहा हमखास गार होतो.

मग १९६१ चा ‘द इनोसंट्स’ हा सिनेमा. तळ्यापलीकडे, लव्हाळ्यात एक काळी बाई नुसती उभी असते. तीही भरदिवसा! (काळी म्हणजे काळ्या कपड्यांतली.) ती काहीच करत नाही, हाच तर त्रास. त्या रात्री पॅसेजमधला दिवा मी मालवत नाही. नवरा हसतो, पण तोही उठून मालवत नाही.