सिलमनबाईंसाठी शब्द शोधताना

त्या गुरुवारी माझ्या पानाकडे कोणी ढुंकूनही पाहणार नाही, हे मला दुपारी कार्यालयात शिरतानाच कळून चुकले होते. तारीख ३० जून २०२२. आदल्या रात्री उद्धव ठाकरे यांनी मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला होता आणि आमच्या दैनिकाचा सगळा संपादकीय विभाग फोनवर, टीव्हीसमोर नाहीतर जिन्यात चहाचा पेला धरून उभा होता. मी परदेशच्या पानाची उपसंपादक. माझ्यासमोर आलेला वृत्तसंस्थेचा फ्लॅश एका ओळीचा होता: इस्रायलची संसद म्हणजे क्नेसेट ९२ विरुद्ध शून्य मतांनी विसर्जित, १ नोव्हेंबरला निवडणूक. चार वर्षांच्या आतली ही पाचवी.

या ओळीची मी दहा दिवस वाट पाहत होते. पंतप्रधान नफ्ताली बेनेट आणि त्यांचे भागीदार याइर लापिद यांनी २० जूनला विसर्जनाचा निर्णय जाहीर केला, तेव्हाच मी बेनेट यांची आघाडी सोडलेल्या खासदार इदित सिलमन यांच्यावर चारशे शब्दांचा मजकूर लिहून ठेवला होता. पानाच्या तळाशी अँकर म्हणून तो छायाचित्रासह लावायचा, असा माझा बेत होता. त्याच रात्री इकडे विधान परिषदेचे निकाल लागले आणि एकनाथ शिंदे आमदारांना घेऊन सुरतेकडे निघाले. तेव्हापासून माझ्या पानाची जागा रोज थोडी थोडी कमी होत गेली.

सिलमन यांच्याविषयी मला इतके कुतूहल का, असे सहकारी विचारत, आणि त्याचे खरे उत्तर मी देत नसे. खरे उत्तर असे होते, की एप्रिलमध्ये त्यांच्याच बातमीवर मी एक चूक केली होती आणि ती मला भरून काढायची होती.

ती चूक समजण्यासाठी आधीचे थोडे गणित सांगायला हवे. बेनेट यांच्या पक्षाचे नाव ‘यामिना’, म्हणजे ‘उजवीकडे’. मार्च २०२१ च्या निवडणुकीत १२० पैकी अवघ्या ७ जागा मिळवलेल्या या पक्षाने बिन्यामिन नेतान्याहू यांना सत्तेबाहेर ठेवण्यासाठी डाव्या मेरेट्झपासून मन्सूर अब्बास यांच्या ‘राआम’ या अरब इस्लामी पक्षापर्यंत सात पक्षांशी हातमिळवणी केली. मतदानाच्या तोंडावर, लापिद यांना आळीपाळीनेसुद्धा पंतप्रधान होऊ देणार नाही, अशा लेखी हमीवर याच बेनेट यांनी टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर सही केली होती. १३ जून २०२१ रोजी हे सरकार ६० विरुद्ध ५९ मतांनी तरले. यामिनाचे अमिखाय चिकली यांनी त्याच दिवशी स्वपक्षाविरुद्ध मत दिले, त्यामुळे आघाडीची ६२ ही कागदावरची संख्या जन्मतःच ६१ झाली. ही ६१ डोकी एकत्र ठेवण्याचे काम ज्यांच्याकडे सोपवले गेले, त्या इदित सिलमन. १९८० साली रेहोवोतमध्ये जन्मलेल्या आणि धार्मिक झायोनवादी राजकारणातून आलेल्या सिलमन एप्रिल २०१९ मध्ये पहिल्यांदा संसदेत गेल्या. ती संसद काही महिन्यांतच विसर्जित झाली, पुढच्या निवडणुकीत त्यांची जागा गेली आणि त्या परतल्या थेट २०२१ मध्ये, यामिनातून. आघाडीच्या अध्यक्षा असे त्यांचे पद होते. मराठीत मी त्याला ‘प्रतोद’ म्हटले, कारण काम तेच.

आणि ६ एप्रिल २०२२ रोजी प्रतोदच आघाडीतून बाहेर पडल्या. संख्याबळ ६०-६० झाले. कारण म्हणून त्यांनी पुढे केले ते आरोग्यमंत्री नित्झान होरोविट्झ यांचे रुग्णालयांना गेलेले पत्र, ज्यात ज्यूंच्या वल्हांडणाच्या सणात लोकांना हामेत्झ, म्हणजे आंबवलेल्या पिठाचे पदार्थ, आत आणण्यापासून अडवू नये, असे सांगितले होते. त्या रात्री घाईत, एक डोळा घड्याळावर ठेवून मी हेडिंग दिले: ‘पावाच्या तुकड्यावरून इस्रायलचे सरकार संकटात’. पान सोडताना मी मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटली.

दुसऱ्या दिवशी टेबलावरचा फोन वाजला. ठाण्याहून एक वयस्क गृहस्थ बोलत होते, बेने इस्रायली म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातले, मूळचे अलिबागकडचे.

“ताई, पावाचा तुकडा नाही हो तो. घरात आंबलेलं काही म्हणजे काही नको, असा तो सण आहे. आठ दिवस. आमच्या आजीच्या वेळी त्याला ‘अनाशी ढाकायचा सण’ म्हणत. आंबटाचं भांडं झाकून ठेवायचं, म्हणून.”

मी दिलगिरी व्यक्त केली. ते रागावले नव्हते, आणि त्याचेच मला जास्त वाईट वाटले. “तुम्हाला हसू आलं असेल तर साहजिक आहे,” असे म्हणून त्यांनी फोन ठेवला. नंतर मी सावकाश वाचले तेव्हा आणखी एक गोष्ट ध्यानात आली. होरोविट्झ यांनी नवा हुकूम काढलाच नव्हता. रुग्णालयांना अशी सरसकट बंदी घालता येणार नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० मधला निकाल होता आणि मंत्री तो पाळा, एवढेच सांगत होते. म्हणजे माझ्या हेडिंगने सिलमन यांना हास्यास्पद ठरवले होते आणि होरोविट्झ यांनी न केलेली गोष्ट त्यांच्या नावावर लावली होती. एका ओळीत दोन्ही बाजूंवर अन्याय करण्याचे कौशल्य आमच्या धंद्यात लवकर अंगवळणी पडते.

म्हणून ३० जूनचा मजकूर मला नीट हवा होता. त्यात एकच जागा अडत होती: सिलमन यांना म्हणायचे काय? मी ‘बंडखोर’ लिहिले होते. पलीकडच्या टेबलावर त्याच क्षणी हाच शब्द शिंदे गटाला लावायचा की नाही, यावर खडाजंगी चालू होती. एक जण म्हणत होता ‘फुटीर’ लिहा, दुसऱ्याच्या मते त्यात निवाडा आला, आणि ‘गद्दार’ हा शब्द तर नेत्याच्या तोंडी अवतरणचिन्हांतच जाईल, असे वृत्तसंपादकांनी बजावले होते. माझ्या कॉपीकडे बघून ते म्हणाले, “अगं, तू तुझ्या बाईंना बिनधास्त बंडखोर म्हण. तिथून फोन यायचा नाही.” फोन येतो, हे मला माहीत होते.

पण प्रश्न फोनचा नव्हता. बंड म्हणायचे तर ते कोणाविरुद्ध? यामिनाच्या मतदाराला जे सांगितले होते ते बेनेट यांनी पहिल्याच दिवशी सोडले, असे मानणाऱ्यांच्या दृष्टीने सिलमन उशिरा का होईना जागेवर परतल्या होत्या. नेतान्याहू यांनी राष्ट्रीय छावणीत त्यांचे स्वागत केले ते याच भाषेत. बेनेट यांच्या बाजूने पाहिले, तर दोन वर्षांत चार निवडणुका झालेल्या देशाला सरकार मिळावे म्हणून त्यांनी स्वतःचा मतदार पणाला लावला होता, आणि सिलमन यांनी त्या सरकारात दहा महिने प्रतोदपद भूषवून मग पाठ फिरवली होती. राआमबरोबर बसताना न दुखावलेली श्रद्धा रुग्णालयाच्या दारातल्या हामेत्झवर दुखावली, हे मला पटत नव्हते आणि आजही पूर्ण पटत नाही. नेतान्याहू यांच्या लिकुड पक्षाच्या यादीत जागा आणि मंत्रिपद असे आश्वासन त्यांना मिळाल्याच्या बातम्या पहिल्याच दिवशी आल्या होत्या. पण अब्बास यांच्यासोबतच्या त्या दहा महिन्यांत आपल्याच माणसांकडून त्यांना काय काय ऐकावे लागले, हेही त्या सांगत होत्या, आणि ते खोटे म्हणण्याइतकी मी तिथे नव्हते.

तेवढ्यात मला इस्रायलच्या कायद्यातला शब्द सापडला: ‘पोरेश’. पक्षापासून बाजूला झालेला. १९९० मध्ये सरकार पाडण्यासाठी आणि नवे बनवण्यासाठी सभासदांची जी ओढाताण झाली, तिच्यानंतर १९९१ मध्ये मूलभूत कायद्यात केलेल्या दुरुस्तीनुसार, असा ठरवला गेलेला सभासद पुढच्या निवडणुकीत मावळत्या संसदेतल्या कोणत्याही पक्षाच्या यादीवर उभा राहू शकत नाही. आपल्याकडे पक्षांतर केल्यास सदस्यत्व जाते; तिकडे जागा राहते, पण पुढची वाट बंद होते. चिकली यांना त्या एप्रिलमध्ये संसदेच्या समितीने तसे जाहीर केले होते. सिलमन यांच्यावर बेनेट यांनी हा बडगा उगारलाच नाही. म्हणजे ज्या शब्दाला कायद्याचा आधार होता, तो नेमका सिलमन यांना लावता येत नव्हता! मी हे पलीकडच्या टेबलाला सांगितले. कोणी ऐकले नाही, कारण टीव्हीवर देवेंद्र फडणवीस यांनी मुख्यमंत्री म्हणून शिंदे यांचे नाव घेतले होते आणि सगळा मजला एकदम ओरडला होता.

त्यानंतर माझे पान अर्ध्यावर आले. अर्धी जागा राजभवनातल्या शपथविधीच्या छायाचित्रांना गेली. अँकर गेला, सिलमन यांचे छायाचित्र गेले, चारशे शब्दांतले सत्तर उरले. मला सर्वांत जास्त चुटपुट लागली ती एका परिच्छेदाची: १३ जूनला यामिनाच्याच नीर ओरबाख यांनीही साथ सोडल्यावर बेनेट यांच्यापुढे मार्ग उरला नव्हता, आणि विसर्जनाबरोबर हंगामी पंतप्रधानपद मध्यरात्री लापिद यांच्याकडे जाणार होते. ज्या माणसाला पंतप्रधान होऊ देणार नाही अशी बेनेट यांची सही होती, त्याला ते पद मिळाले, ते उजव्यांनी उजव्या पंतप्रधानाचे सरकार सोडल्यामुळे. एवढ्या जागेत हे बसेना. पान लावणारा मुलगा डमीवर बोट ठेवून उभा होता. मी ‘बंडखोर’ खोडले आणि लिहिले, ‘आघाडी सोडणाऱ्या यामिनाच्या सदस्या इदित सिलमन’. हे लांबले, एक ओळ वाढली, म्हणून शेवटची ओळ कापली. साडेनऊला पान गेले.

पुढे नोव्हेंबरमध्ये नेतान्याहू यांच्या बाजूला ६४ जागा मिळाल्या, मेरेट्झ ३.२५ टक्के मतांचा उंबरठा थोडक्यात चुकून संसदेबाहेर फेकला गेला, बेनेट तर निवडणुकीला उभेच राहिले नव्हते. लिकुडच्या यादीवरून निवडून आलेल्या सिलमन २९ डिसेंबरला पर्यावरणमंत्री झाल्या. चिकलीही मंत्री झाले. मार्च २०२३ च्या अखेरीस, वल्हांडणाच्या आठवडाभर आधी, रुग्णालय प्रमुखांना हामेत्झ आणण्यास मनाई करण्याचा अधिकार देणारा कायदा क्नेसेटने संमत केला. ती बातमी माझ्याच पाळीत आली. हेडिंगमध्ये ‘पाव’ हा शब्द येऊ दिला नाही. ‘खमीर’ लिहिले, सणाचा खुलासा एका वाक्यात जोडला आणि तो आठ दिवस चालतो, हेही आवर्जून घातले.

दुसऱ्या दिवशी ठाण्याहून फोन आला.

“ह्या वेळी बरोबर लिहिलंत, ताई. पण आठ दिवस आमचे, इथले. तिकडे इस्रायलात सातच.”